रंग लागला म्हनजे आवळला

माजा गाव उरनच्या बाजूला, आता तिथं सगळी गोदामं हायेत, पन मी सांगतो तेव्हा मिठागर व्हतं. बाबा मिठागरात कामाला, पायाला कायम भेगा, त्यानं मला शाळेत घातला तो येवढ्याचसाठी का पोराच्या पायाला मीठ लागू नये. शाळा काय माज्या डोक्यात शिरली नाय, हात मात्र सरळ व्हता. न्हावा शेव्याला बंदर झाल्यावर कंटेनरवरचे पुसलेले नंबर रंगवाचं काम मिळालं, उन्हात पत्रा तापलेला, हात ठेववत नाय, पन माजी रेघ कधी हलली नाय, लोक बोलाचे हिराजीचा नंबर छापल्यासारका.

तिथून वळखीच्या एकानं मला कळंबोलीला नेला, जुन्या विलायती गाड्या नव्यासारक्या करनाऱ्या वर्कशॉपात. तिथं पत्रा रंगवाला मोठे कारागीर व्हते, मला दिले बोल्ट. हसू नका. या गाड्यांचे बोल्ट लपलेले नसतात, मडगार्डचे, बिजागरीचे, सगळे बाहेर, डोळ्यासमोर. गाडी जोडताना पाना लागला का बोल्टाच्या डोक्यावरचा रंग उडतो, आनि येवढ्या चकचकीत गाडीवर ती उघडी टिकलीच पहिली दिसते. मंग मी बारीक ब्रश घेऊन बसाचा, डोकं थिनरनं पुसाचं, एक पातळ हात, सुकला का दुसरा. वर्सानुवर्सं हेच केलं. बायको बोलते, लोकांचे नवरे गाड्या रंगवतात, माजा नवरा टिकल्या लावतो. बोलू दे, त्या टिकल्यांवर तिनं कामोठ्याला दोन खोल्यांचा संसार केला.

इब्राहीमभाई आमचा फिटर, पनवेलचा, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच, माज्याहून सहा वर्सांनी मोठा. मी त्याला भाई बोलाचो, तो मला हिऱ्या. त्यानं आवळाचं, मी रंगवाचं. आमचा कायदा एकच, रंग लागला म्हनजे आवळला. कुठं लिहिलेला नाय. नवा रंग दिसला का त्या बोल्टाला पाना लावाचा नाय, लावला तर रंग परत उडनार. एका गाडीला येवढे बोल्ट, कुठला झाला, कुठला राह्यला, कोन डोक्यात ठेवनार, भाई आपला रंगाकडं बघाचा.

ती गाडी एका डॉक्टरसाहेबांची व्हती, गडद हिरवी, दरवाजे उलटे उघडनारे, म्हनजे बिजागरी मागं आनि कडी पुढं. रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा, आनि आमी शुक्रवारी अजून जोडतोच हाव. भाईनं डाव्या दरवाजाच्या वरच्या बिजागरीचे तीन बोल्ट नुसते हातानं बसवले आनि बोलला, हिऱ्या, नमाज पढून येतो, मंग दरवाजा चौकटीत बरोबर बसवून आवळतो, तोवर तू बाकीचे कर. मी बरं बोललो. ऐकलं नाय असं मी कधी बोलनार नाय, ऐकलं व्हतं. पन रंग कालवून झालेला, त्यात हार्डनर पडला का तो घट्ट व्हायला लागतो, शेड जुळवाला दोन दिवस गेलेले, वाटीत थोडासाच उरलेला. मी मनात बोललो, फुकट घालवन्यापेक्षा एक हात मारून ठेवू, भाई आला का सांगू. तीन टिकल्या मारल्या. तेवढ्यात मालकानं दुसऱ्या गाडीचा शेड बघाला आत बोलावलं आनि ते माज्या डोक्यातून गेलं ते गेलंच. भाई आला, ताजा रंग बघितला, दरवाजा लावून बघितला, बसला नीट, त्याला वाटलं आपनच आवळून गेलो असनार. स्वतःच्या आठवनीपेक्षा त्यानं माज्या रंगावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी उरन रोडला ट्रायल. साहेब चालवत व्हते, भाई डावीकडं, दरवाजाला कान लावून, फिटर तसाच बसतो, कुठं खडखड येते का ऐकत. गाडी खड्ड्यात आपटली, दरवाजा खाली बसला, कडी सुटली, वाऱ्यानं दरवाजा मागं फेकला आनि भाई रस्त्यावर. मागनं कंटेनर येत व्हता, त्या डायवरनं ब्रेक मारला, त्याचं भलं होवो. जीव वाचला, उजवं मनगट गेलं. त्या हातात परत पाना धरवला नाय.

मालकानं विचारलं चूक कोनाची, तर भाई खाटेवरून बोलला, माजी, मी आवळाचं विसरलो. मी तिथंच उभा व्हतो. काय सांगू तुम्हाला, तोंड उघडलं नाय. भ्यायलो. आज सांगू, उद्या सांगू करता करता दोन वर्सं गेली.

मंग ईदला त्याच्या घरी गेलो. भाबीनं शिरखुर्मा दिला आनि सांगाला लागली, हे आता गॅस तीन-तीनदा बघतात, खाली उतरले का कुलूप बघाला परत चढतात, डोक्याच्या डॉक्टरला दाखवलं, पोरानं घराची चावी काढून घेतली. भाई हसला, बोलला, जो फिटर बोल्ट विसरतो त्याच्याकडं चावी कोन ठेवनार. वाटी माज्या हातातच राह्यली. मला वाटत व्हतं मी त्याचा हात घेतला, अरे, मी तर त्याचं डोकं घेतलं. मी बोललो, भाई, तू विसरला नव्हतास. तू सांगून गेला व्हतास. रंग मी आधीच लावला.

मला वाटलं भाई मारेल, पन मारनार कुठल्या हातानं. त्यानं येवढंच विचारलं, तिन्ही? मी बोललो, तिन्ही. तो बोलला, मला काय सांगतोस, माज्या पोराला सांग. आतून पोराला हाक मारली. मी उभ्यानं सगळं सांगितलं. पोरगा जे बोलला ते मी इथं सांगत नाय, पन त्याचं चुकलं नाय. भाई मला माफ केलं बोलला नाय, मी पन मागितली नाय. कुठल्या तोंडानं मागू?

मालकाला पन सांगितलं, दुसऱ्याच दिवशी. त्यानं ठेवलं मला, का ठेवलं ते त्याला ठाऊक. आता ब्रश लावाच्या आधी बोल्टाला मी स्वतः पाना घालून बघतो, पोरं हसतात, हसू देत. भाईकडं मी जात नाय, तो बोलवत नाय. पन भाबीचा माज्या बायकोला फोन येतो, ती सांगते, चावी त्यांच्या खिशात असते, दाराला कुलूप लावतात, एकदाच लावतात आनि मागं न बघता जिना उतरतात. माजं तेवढ्यावर भागतं. देव त्याला आयुष्य देवो, कमी पडलं तर माज्यातलं काढून देवो.