मधली खुंटी

आमी मूळचे लोह्याकडचे, ताई, पर आज्यापासून नांदेडात, गोदावरीच्या काठाला. तवा आमच्या घाटाला शिमिटाचा पूल नव्हता. रिकामे डरम, त्यावर फळ्या, दोरखंडानं आवळलेला असा तरंगता पूल होता. दसरा झाला की घालायचा, मिरगाच्या आत काढायचा. मधी एक लोखंडी खुंटी, तिच्यातच दोन्ही अर्धं अडकलेले. मासेवाल्याची नाव आली की मी जाऊन खुंटी उपसायचा, पूल उघडायचा, नाव गेली की चौघं मिळून ओढून पुन्हा लावायचा. आज्यानं हेच केलं, बापानं हेच केलं, आमाला खुंटीवालेच म्हणायचे.

पाण्याचा एक कायदा होता. वरचं धरणाचं पाणी सोडलं अन् घाटाची खालची पायरी भिजली की खुंटी काढायची. दोन्ही अर्धं धारंनं आपापल्या काठाला लागतात, पूल वाचतो. पर एकदा का उघडला की वाहत्या पाण्यात त्यो जुडत न्हाई. माझा बाप एकदा थांबला होता, एक जण पल्याडून थांबा थांबा, माझं पोतं राह्यलंय म्हणाला म्हणून. अख्खा पूल वाहून गेला, काय सांगू तुम्हाला, चार महिने लोक बोलत होते बापाला. मरताना माझा हात खुंटीवर ठेवून म्हणाला, लोक थांबाच म्हणतात, ऐकू नगंस.

माझी बायको पारू लई तिखट. भैनीच्या शेतात पल्याड वांगी तोडायला जायाची, जाताना म्हणायची, तुला माझ्यापरीस खुंटीच प्यारी हाय. मी म्हणायचा, हाव, ती बोलत तरी न्हाई. हसायची. कसलं हसायची ओ.

त्या दुपारी पायरी भिजली. मी मधी गेलो, खुंटीला हात घातला, तेवढ्यात पल्याडच्या काठाला पारूची भैन पळत आली, हात हलवत, भाऊजी थांबा, थांबा. मला वाटलं, इची बी टोपली राह्यली असंल. मागं बाभळी होत्या, तिच्यामागं काय येयलंय ते मला दिसलं न्हाई. कामून म्हणून इचारलं बी न्हाई. खुंटी उपसली, अल्याडच्या अर्ध्यावर आलो. पूल फाकला. अन् बाभळीतून चार माणसं निघाली, बाजंवर पारू. पान लागलं होतं तिला, साप डसला होता ओ.

मी अल्याड, ती पल्याड, दवाखाना अल्याड. नाव कुणी घालंना. सडकेचा पूल लई लांब, बैलगाडीत घेऊन निघाले. वाटंतच गेली. अन् पाणी? दुसऱ्या पायरीपस्तोर आलं अन् उतरलं. पूल टिकला असता, ताई. अर्धा घंटा टिकला असता. तिची भैन अजून मला काही बोलत न्हाई, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आता शिमिटाचा पूल झाला. बरं झालं, कुणाला थांबावं लागत न्हाई, सगळ्यांची माणसं येळेवर पोचू देत. पोरगं म्हणतं, ती खुंटी भंगारात दे. ती दाराशीच हाय. मी हितं घाटावर बसतो, अन् पल्याडून कुणी बी हाक मारली, ढोराला का असंना, की मी उठून उभा राह्यतो. काय झालं बाबा, म्हणतो. आधी इचारतो.