फंड एकच, पण सर त्यात नव्हते

आदरणीय अध्यक्ष महोदय, संस्थेचे सचिव गुरुबसप्पा अण्णा, व्यासपीठावरील पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती बिराजदार सर, दानम्मा वहिनी, माझे सहकारी आणि खुर्च्या कमी पडल्याने मागे उभे राहिलेले माजी विद्यार्थी, सर्वांना नमस्कार.

सरांच्या गणिताविषयी आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे. मी त्यांच्या दुसऱ्या तासाविषयी बोलते. तो मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये भरायचा. सर सांगायचे, दहा फंड निवडायला आपल्याला ना वेळ, ना अक्कल. (हे ते आमच्या तोंडावर सांगायचे, आणि आम्हाला आवडायचं.) देशातल्या मोठ्या कंपन्या, थोडे परदेशी शेअर, थोडे सरकारी रोखे, सगळं इंडेक्सप्रमाणे, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे, एकातच असलेला फंड घ्यावा. प्रमाण बिघडलं तर तोच सावरून घेतो. आपण दरमहा हप्ता भरायचा आणि वर्षानुवर्षं त्याच्याकडे बघायचं नाही. आम्ही बऱ्याच जणांनी सुरू केलं. माझा हप्ता लेकीच्या शिक्षणासाठी होता.

मग कोरोना आला. बाजार कोसळला, आमच्या यजमानांचं कापडाचं दुकान बंद पडलं. ते म्हणाले, उरलंय तेवढं काढून घे. मी सरांना फोन केला. सर म्हणाले, "चंद्रिका मॅडम, तुमचे एकटीचेच हैत का? माझे पण हैतच की त्यात. गप बसायचं."

तेच मी घरी सांगितलं. अबोला झाला, पण पैसे काढले नाहीत. पुढे बाजार सावरला, पैसे वाढलेही. त्याबद्दल सरांचे आभार मानायलाच हवेत.

गेल्या आठवड्यात नव्याने आलेल्या ऋतुजा मॅडमनी सरांना सहज विचारलं, त्यांचे स्वतःचे पैसे त्या फंडात कधीपासून आहेत? इतक्या वर्षांत आम्ही कुणी हे विचारलं नव्हतं. वडीलधाऱ्यांना त्यांच्या पैशाचं विचारत नाहीत, एवढं आपल्याला कळतं. सर हसले. म्हणाले, "माझे कुठले? मी एफडीवाला माणूस. म्हटलं, आधी तुमचं काय होतंय ते बघू की."

सगळे हसले. मीही हसले. मग वर्गावर गेले आणि किती तरी वेळ फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

तेव्हापासून स्वतःलाच विचारते आहे, तक्रार नेमकी कशाची? नुकसान झालं नाही. सल्लाही चुकला नाही. सर, कदाचित तुम्ही मला धीर द्यायलाच तसं बोलला असाल. पण त्या दिवसांत मी इंडेक्सच्या भरवशावर नव्हते हो. मी तुमच्या भरवशावर होते. लेकीचं शिक्षण पणाला लावून.

परवा यजमानांना खरं ते सांगितलं. वाटलं, चिडतील. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे तेव्हा तू एकटीच होतीस की."

ऋतुजा मॅडम, तुम्ही जरूर सुरू करा. माझा हप्ता चालू आहे आणि चालू राहील. आता तो माझा निर्णय आहे. बाजार पडला की मला फोन करा. मी काढले असतील तर काढले म्हणून सांगेन.

सर, तुम्हाला आणि वहिनींना उदंड आयुष्य लाभो, हे अगदी मनापासून. सत्काराच्या दिवशी हे बोलावं की नाही, ते मला अजूनही कळलेलं नाही. कमी-जास्त बोलले असेन तर पोटात घाला. तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे.