चंपीची गाठ

लहानपणी मावशी जात्यावर म्हणायची, "दारीच्या गाईचं दुखणं आळीला ठावं, आपुलं गं दुखणं जात्याला सांगावं." तो आवाज रोह्यात, जनावरांच्या दवाखान्याच्या बाकावर आठवला. शेजारी दोघी बसल्या होत्या. सीताबाईच्या पायाशी टाके घातलेली कुत्री होती, मालूच्या हातात शेळीची दोरी.

"खांब गावावरनं रिक्षा केलीस, कुत्रीसाठी? नवऱ्याला तापात चालवत आनला व्हतास!"

"तो कन्हतो तरी. ही मुकी."

"झालंय काय चंपीला?"

"आचळापाशी गाठ व्हती. काढली आन मुंबैला तपासायला धाडली."

"कुत्रीची गाठ मुंबै बघून आली, आपन रोह्याच्या फुडं नाय गेलो!"

"डॉक्टर म्हनलं, बायांना व्हते तशीच ही. कुत्र्यांच्या गाठी बघून बायांच्या दुखन्याचं शिकतात."

"मंजे चंपी आता मास्तरीन झाली."

"हस तू. रोज हात फिरवून बघायला सांगितलंय, दुसरी येते का."

"आन बघतेस?"

"सगळी आळी बघते. सासरा पन इचारतो, आज कशी हाय."

"बाईचं असं इचारलं असतं, तर लाजंनंच मेली असती."

"तुझी शेळी बघ, पिशवी खातेय."

"खाऊ दे. गाठ दुखली असंल ना गो तिची?"

"नाय. दुखली असती तर आधीच कळली असती. आंघोळ घालताना हाताला लागली."

"जराशी पन नाय दुखली?"

"नाय गो. का?"

आतून "शेळीवाल्या बाई!" अशी हाक आली. मालू उठली नाही.

"माझी पन दुखत नाय."