दाजींची मूठ

आमचे दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे मालक, मानवतच्या बाजारात शेतकऱ्यांचा कापूस इकत घेतात. त्यांची एक रीत हाय. गाडीत हात घालायचा, मूठभर कापूस दाबून बघायचा अन् तोंड फिरवून म्हणायचं, "वल्ला हाय. न्हाई घेत."

औंदा ऐन थंडीत त्यांची पोरगी पल्लवी आमाला येलदरीच्या धरणावर कयाक चालवायला घेऊन गेली. कयाक म्हणजे ती एका माणसाची निमुळती नाव. पोरगी सारखी सांगायली, "पप्पा, वरचं ऊन बघू नका, पाणी लय गार हाय. सुती कापड भिजलं की गारठून जाल. माझं आणलेलं लोकरीचं घाला."

दाजी भडकले. "घर कापसावर चालतंय आपलं. अन् तू मला कापूस शिकवायलीस?"

सुती बनियन, सुती सदरा, त्यावर लाइफ जॅकेट घालून निघाले. जरा पुढं गेले अन् नाव कलंडली.

पल्लवीनं वढून काठाला आणलं तवर ओठ निळे, दात कडकडा वाजायले. ती रडत रडत त्यांचे कपडे काढायली, मी घोंगडी घेऊन उभा. दाजींनी स्वतःचीच बाही मुठीत धरून दाबली. पाण्याची धार लागली.

पोरीकडं बघत म्हणले, "वल्ला हाय. न्हाई घेत."