मुकुटाखालच्या दोन वेण्या

– अगं, इतकी घट्ट नको, डोकं आहे ते माझं, दोरखंड नाही. सोड, पुन्हा घे. तिन्ही पेड सारखे – हां, अशी. राणीसाहेबांच्या केसांना हात लावण्याआधी हा एवढाच सराव मिळणार तुला. त्यांच्या दोन वेण्या, त्या घालणाऱ्या दोघी, एकाच वेळी. आणि दोन्हींचा ताण सारखा हवा. का? कारण त्या वेण्यांच्या वेटोळ्यांवर मुकुट बसतो. एक सैल पडली की मुकुट कलला, आणि मुकुट कलला की दरबार कुजबुजायला मोकळा. मला इथे कुणी नावाने हाक मारत नाही, उजवी म्हणतात. माझ्या जोडीला होती ती डावी. आजपासून डावी तू. होते सवय.

ती? गेली नाही अजून. खाली बग्गीत सामान चढवतायत तिचं – ऐकू येतंय ना? राणीसाहेबांची वेणीफणी झाली की निरोप घ्यायला येईल, मग निघेल. लग्न ठरवलंय तिचं, सरहद्दीवरच्या किल्लेदाराशी. मोठा माणूस. पहिली बायको विहिरीत पडली, दुसरीही विहिरीतच पडली, पण विहिरीला कठडा काही त्याने बांधला नाही. हस, हस, मलाही आधी हसूच आलं होतं. तिचं चुकलं काय? काम करताना आम्ही एकमेकींकडे मान वळवून बघायचं नाही, समोरच्या आरशात बघायचं – तुझा पेड कुठवर आला, माझा कुठवर. मग कधीतरी वेणी संपली तरी बघणं संपेना. आणि आम्ही इतक्या शहाण्या, की आरसा ज्यांचा त्यांनाही त्यात दिसतं, हेच विसरलो. रागावल्या असत्या तर बरं होतं गं, राग उतरतो. त्यांनी उपकार केले – चांगलं स्थळ शोधलं.

तर आता मी काय सांगते ते ऐक. आज तुझी वेणी जरा सैल सोड. जरा म्हणजे अगदी जराशीच. मुकुट ठेवला की त्या मान हलवून बघतात. तो घसरेल. बाहेर परदेशी वकील येऊन बसलेत, वेळ नाही – त्या म्हणतील, जुन्या डावीला बोलवा, बग्गी सोडा. तुझं काय? फार तर धोबीखान्यात पाठवतील. धोबीखाना काही वाईट नाही – खोटं कशाला बोलू, वाईटच आहे, उकळत्या पाण्याने हात सोलून निघतात. पण जीव तर जात नाही ना.

मैत्रीण? हो, मैत्रीणच म्हण. मैत्रिणीसाठी कुणी एवढं करतं का, असं बघू नकोस माझ्याकडे. तिच्या केसांना एकदाही हात लावला नाही मी, माहितेय? आमच्या दोघींमध्ये कायम एक डोकं, आणि ते राणीचं. त्याच्या भांगाएवढ्या वाटेवरून जेवढं जाता आलं तेवढं गेलो. तेवढंच पुरवून खाल्लं.

काय? घरी कोण? नको, घरचं सांगू नकोस, मग मला पुढचं बोलता येणार नाही – दोघी बहिणी? तुझ्याहून लहान? आणि बघणारं दुसरं कुणीच नाही.

बरं.

दाखव वेणी. वळव इकडे... सुरेख घातलीस गं. सैल सोडायला सांगते मी, आणि तुझ्या हाताला ते जमणारच नाही, हेही कळतंय. मग असं कर. तू आपली नीट घाल. सैल माझी राहील. ऐक तर – त्या म्हणतील, उजवीचा जीव थाऱ्यावर नाही, हिला काढा. पण नवख्या मुलीच्या एकटीच्या भरवशावर मुकुट ठेवायच्या नाहीत त्या. दोघींतली एक जुनी लागणारच. ती उरेल. मी? किल्लेदाराला बायको हवीय, अमकीच हवी असं कुठे म्हणालाय तो? बग्गी तर जुंपलेलीच आहे. विहिरीचं म्हणतेस – मला पोहता येतं.

तिला यातलं काही सांगायचं नाही. तिला वाटू दे, माझा हात चुकला. चिडेल. चिडलेली बरी, नाहीतर बग्गीमागे धावत सुटायची.

बोलावलं बघ. डोळे पूस, सकाळी रडकी तोंडं चालत नाहीत त्यांना. फणी घे, तेलाची वाटी घे. चल, पुढे हो.