मुरबाड रोडचे देव

मुरबाड रोडला देव किती आहेत ते मला विचारा. परवा मी माहेरी निघालेली. कल्याणहून शेअरची इको पकडली, पुढची सीट मिळाली, मांडीवर सहा महिन्यांची परी. ड्रायव्हर सुसाट. एका स्पीडब्रेकरवर असा आदळला की माझं डोकं टपाला लागलं. वर रागही त्यालाच. "प्रत्येक गावाने आपापला ब्रेकर घातलाय, ताई. माणसाने गाडी पळवायची कुठे?"

तेही मी गिळलं. पण रस्त्याकडेला देऊळ दिसलं की हा स्टेअरिंग सोडून दोन्ही हात जोडायचा. डोळे मिटून.

मी म्हटलं, "दादा, हात नका ना सोडू, बाळ आहे."

"नमस्कार नको करू? तोच तर सांभाळतो."

"मग तुम्ही स्टेअरिंग धरा, तुमच्या वाटचे हात मी जोडते."

तो लगेच तयार. मग सुरूच झाला, "ताई, मारुती. ताई, गावदेवी." मी परीला सांभाळत जोडतेय आपली.

एका वळणावर ओरडला, "ताई, जोडा जोडा."

मी जोडले, तर समोर ट्रॅफिक हवालदार. आमच्या ड्रायव्हरने बेल्टच लावला नव्हता. हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि मला विचारलं, "बाई, तुम्ही का हात जोडताय?"

म्हटलं, "ह्यांच्या वाटचे आहेत. पावती मात्र ह्यांच्याच नावाने फाडा."