सबब नामालूम

दवाखान्याच्या कागदावर खरं काय ते असतं म्हणता? मग हे ऐका. निजामाच्या काळात मी हिंगोलीकडच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. रजिस्टर उर्दूत असायचं. आधी आजार लिहायचा, पुढं त्याची सबब, म्हणजे कारण.

एका सकाळी सखाराम सुतार आला. कानातून रक्त येत होतं. म्हणाला, "फुकटात गाडी नीट करून द्यायला न्हाई म्हणलो, म्हून जमीनदारानं कानाखाली हाणली."

जमीनदाराचं ऐकून डॉक्टरसाहेबांचा हात थांबला. मग त्यांनी लिहिता लिहिता पुटपुटत वाचलं, "कान की तकलीफ. सबब नामालूम."

"नामालूम म्हंजे?" सखारामनं मला विचारलं.

"कारण ठाऊक नाही."

"आत्ताच तर सांगितलं की."

साहेबांनी त्या ओळीवर टिपकागद दाबला.

मी त्याच्या कानात कापूस घालत होतो, तेवढ्यात तोच जमीनदार आत आला. उजवा पंजा सुजला होता. साहेबांनी उठून त्याला खुर्ची दिली, पेन उचललं आणि विचारलं, "हे कशानं झालं?"

जमीनदारानं पंजा उपरण्याखाली घेतला.

सखाराम खाली फरशीवरच बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "नामालूमच लिवा, साहेब. दोघांची सबब एकच हाय."